विसारापासून फेरफारापर्यंत: महाराष्ट्रात जमीन किंवा फ्लॅट घेता-विकताना पडणारे कायदेशीर प्रश्न

माझ्याकडे कागद तपासायला येणाऱ्या बहुतेकांनी येण्याआधीच विसार देऊन टाकलेला असतो. मग फाईल टेबलावर ठेवत म्हणतात, "साहेब, सगळं क्लिअर आहे, फक्त एकदा नजर टाका." क्लिअर नसेल तर काय करायचं, हे ठरवायची वेळ तोवर निघून गेलेली असते. म्हणून हे प्रश्न व्यवहार ज्या क्रमाने व्हायला हवा त्या क्रमाने घेतोय.

विसार द्यायचा का? दिला तर परत मिळतो का?

द्यावा, पण थोडका आणि पावती करून. पावतीवर गट नंबर किंवा फ्लॅट नंबर, ठरलेली एकूण किंमत, पुढच्या कराराची तारीख आणि एक वाक्य हवंच: शोधात (म्हणजे मालकीचे जुने व्यवहार तपासताना) दोष निघाला तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. हे वाक्य लिहायला विक्रेता कुरकुरत असेल, तर कागद नीट बघायची गरज दुप्पट झाली असं समजा.

पावतीत शब्द कोणता आहे तेही वाचा. "विसार" म्हणून दिलेली रक्कम, करारात तशी अट असेल आणि व्यवहार तुमच्यामुळे मोडला, तर विक्रेता ठेवून घेऊ शकतो. "किमतीपोटी आगाऊ" दिलेल्या रकमेचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. पैसे चेकने किंवा ऑनलाइनच द्या. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात नियम सरळ आहे. रेरा या बांधकाम प्रकल्पांवरच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही.

सातबाऱ्यावर त्यांचंच नाव आहे. मग अजून काय बघायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते इतकंच. नोंदीमुळे कुणी मालक होत नाही आणि नोंद नाही म्हणून कुणाची मालकी जातही नाही. मालकी येते ती खरेदीखत, वाटप, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसाहक्क यांतून.

डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. विक्रेत्याने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा आणि उतारा स्वतः काढा. मग नावापासून नव्हे, तळापासून वाचायला लागा. खाली "प्रलंबित फेरफार" असा रकाना असतो; फेरफार म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद. तिथे "आहे" असेल तर कुणीतरी काहीतरी नोंदवायला टाकलंय, पण ते अजून मंजूर झालेलं नाही. तो फेरफार हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच्या आसपास जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात. ते सगळे काढा. कंटाळवाणं काम आहे, पण जमिनीची गोष्ट तिथेच लिहिलेली असते: कोण कधी वारला, वारस कोण लागले, कुणी किती विकलं.

जुन्या उताऱ्यांवर दोन संक्षिप्त रूपं दिसली की पेन्सिलने गोल करा. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव थोरल्या भावाचं असतं, पण तो कुटुंबातर्फे लागलेला असतो. धाकट्यांची नावं उताऱ्यावर नसली तरी हिस्से असतात. त्या एका नावाकडून खरेदी केलीत, तर बाकीचे उद्या दावा घेऊन येतील. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालन कर्ता, खरा धारक त्या वेळी अल्पवयीन होता. तो आता सज्ञान झाला असेल तर सही त्याची हवी, पालकाची नाही. अजून अज्ञान असेल आणि हिस्सा त्याच्या स्वतःच्या नावाचा, वेगळा निघालेला असेल, तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे आई-वडिलांनाही कोर्टाच्या परवानगीशिवाय तो विकता येत नाही. विकलाच, तर मूल अठरा वर्षांचं झाल्यापासून तीन वर्षांत ती विक्री रद्द करून मागू शकतं.

"इतर हक्क" हा रकाना लोक सोडून देतात. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क हे सगळं तिथे असतं. कर्ज फिटलं असेल आणि बोजा तसाच असेल, तर बँकेचा दाखला आणून तो आधी कमी करून घ्यायला सांगा. "नंतर करू" याला मान देऊ नका.

बहिणींच्या सह्या लागतातच का? त्यांचं नाव तर इतर हक्कात आहे.

मागे एक फाईल आली होती. वडील १९९० च्या दशकात वारले, वारस फेरफारात तीन भाऊ कब्जेदार, आणि दोन बहिणी "इतर हक्कात". भावांचं म्हणणं, बहिणींचा हिस्सा नाही म्हणून तर तलाठ्याने त्यांना तिकडे टाकलं. बहिणींना इतर हक्कात टाकायची ही रीत गावोगाव होती, पण कायद्यात तिला आधार नाही. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला १९५६ पासून मुलाइतकाच वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने ती जन्मतःच सहहिस्सेदार ठरली. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेलं रीतसर वाटप किंवा विक्री मात्र या दुरुस्तीमुळे उघडली जात नाही.

तेव्हा सह्या लागतात. एकतर बहिणी खरेदीखतात "लिहून देणार" म्हणून येतील, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र होईल. त्या फाईलमध्येही हक्कसोडपत्र होतं, पण नुसतं नोटरी केलेलं. स्थावरातला हक्क सोडायचा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोटरीचा शिक्का कितीही लाल असला तरी त्याने हिस्सा जात नाही. पुढे धाकट्या बहिणीने सही द्यायला नकार दिला, खरेदीदाराने माघार घेतली आणि विसार सुटायला दीड वर्ष लागलं.

वंशावळ तोंडी ऐकू नका. प्रतिज्ञापत्रावर घ्या आणि शेजारच्या गटवाल्याला सहज विचारा, "हे भाऊ किती, बहिणी किती?" शोध अहवालात न दिसणारी माणसं अशी सापडतात.

शेतकरी नसताना शेतजमीन घेता येते का?

जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय नाही. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ लागतं. मराठवाडा आणि विदर्भासाठी वेगळे कायदे आहेत, पण अट तशीच. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या नावाचा सातबारा लागतो. नातेवाइकाच्या नावावर घेऊन ठेवायचा मार्ग काही जण सुचवतात. पैसे तुमचे आणि मालक तो, अशी ती सोय असते, आणि बेनामी कायद्याचा प्रश्न वेगळाच.

विकली जाणारी जमीन कोणती, हेही बघा. भोगवटादार वर्ग १ असेल तर ती साधारणपणे मोकळी. वर्ग २ असेल तर शासनाच्या अटी आहेत आणि परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. "कलम ४३ च्या बंधनास पात्र" असा शेरा असेल, तर ती कुळाने कायद्याने घेतलेली जमीन आहे. तिच्या ३२म प्रमाणपत्राला (कुळाने ती विकत घेतल्याच्या दाखल्याला) १० वर्षं झाली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून ती विकता येते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ ची बंधनं आहेत. तिथे अंदाजाने पाऊल टाकू नका.

क्षेत्र उताऱ्याप्रमाणे धरलं, तर चालेल ना?

उतारा हेक्टर-आर मध्ये असतो आणि बोलणी गुंठ्यात चालतात. आर आणि गुंठा एकच, असं समजून व्यवहार ठरतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. चाळीस गुंठ्यांचा एकर धरून चाळीस आरांचे पैसे दिलेत, तर ५०४ चौरस फूट हवेत गेले. शहरालगतच्या जमिनीत तेवढ्या जागेत खोली उभी राहते. पोटखराबाही (लागवडीला न येणारा भाग) वेगळा पाहा, तो एकूण क्षेत्रात मिसळून सांगितला जातो.

पैसे जास्त असतील तर साठेखताआधी (म्हणजे विक्रीच्या कराराआधी) भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून "क" प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या. बांध सरकलेला असतो. कागदावर चार सीमा बरोबर असूनही जागेवर शेजाऱ्याच्या कुंपणात दोन गुंठे निघतात, हे मोजणीच्या दिवशीच कळतं.

शोध अहवाल तीस वर्षांचाच का?

मुदत कायद्यात गहाण सोडवून घ्यायची मुदत ३० वर्षं आहे आणि पुराव्याच्या कायद्यातही तीस वर्षं जुन्या कागदाला वेगळं वजन आहे. त्यावरून ही रीत पडली. दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्तांची यादी) पाहून वकील व्यवहारांची साखळी लावतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुम्हालाही प्राथमिक शोध घेता येतो. गटाचे पोटहिस्से आणि जुना सर्व्हे नंबर दोन्ही टाकून बघा, नाहीतर निम्म्या नोंदी निसटतात.

सूचीत न दिसणारी एक गोष्ट म्हणजे मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज. २०१३ पासून अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे देणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे, तरी त्याआधीची प्रकरणं आहेतच. त्यावर दोन उपाय आहेत: बँकांच्या गहाणांची नोंद असलेल्या सरसाई या केंद्रीय संकेतस्थळावर शोध घेणं, आणि मूळ कागद डोळ्यांनी पाहणं. "मूळ प्रत गावी आहे" हे उत्तर चालत नाही. हरवली असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि नोंदणी कार्यालयाची प्रमाणित प्रत, हे सगळं विक्रेत्याने करून द्यायचं. बाकी व्यवहारातही जाहीर नोटीस द्याच. तिने दोष जात नाही, पण दोषवाला माणूस वेळेत समोर येतो.

फ्लॅटला वेगळं काय लागतं?

पहिल्या बिल्डरकरारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचे सगळे करार, एकही कडी न तुटता. सोसायटीच्या भाग प्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) शेवटचं नाव विक्रेत्याचं हवं. सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, घरपट्टी, आणि इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर किमतीत ते दिसलं पाहिजे. सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे का, म्हणजे अभिहस्तांतरण झालंय का, हेही विचारा. पुनर्विकासाच्या वेळी सगळं तिथेच अडतं.

विक्रेता म्हणाला, "वडील गेले, मी नॉमिनी आहे," तर थांबा. नॉमिनी हा मालक नसतो, सोसायटीपुरता व्यवहार बघणारा माणूस असतो. सहकार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनेही त्याला तात्पुरता सभासद म्हटलं आहे. इतर वारसांच्या हक्कसोडीशिवाय तो संपूर्ण फ्लॅट विकू शकत नाही.

हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही. "इमारत निधीसाठी स्वेच्छा देणगी" नावाची मागणी येते, तिच्यात स्वेच्छा किती असते ते तुम्हाला माहीत आहेच.

विक्रेत्याचं गृहकर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून दोन पत्रं घ्यायला सांगा: किती बाकी आहे आणि कोणते मूळ कागद बँकेकडे आहेत. बाकीची रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरा, विक्रेत्याच्या बचत खात्यात नाही.

मुखत्यारपत्रावर विकतात, घ्यावं का?

मालक परदेशी किंवा आजारी असेल तर मुखत्यार सही करू शकतो; त्यात चूक नाही. चूक आहे ती मुखत्यारपत्रालाच खरेदी समजण्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंय की मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र असा संच करून मालकी जात नाही. मुखत्यारामार्फत होणाऱ्या व्यवहारात त्या दिवशी मालक हयात आहे याची खात्री करा, शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर बोला. मालक वारला की मुखत्यारपत्र सहसा संपतंच.

साठेखत आणि खरेदीखत यांत फरक काय?

साठेखत हे वचन आहे आणि खरेदीखत म्हणजे हस्तांतर. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार साठेखताने मालकी येत नाही. समोरच्याने वचन मोडलं तर ते पाळायला लावण्याचा दावा करता येतो. दाव्याची मुदत तीन वर्षं, करारात ठरलेल्या तारखेपासून. तारीखच लिहिली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. म्हणून तारीख लिहा, आणि आपल्याकडे उरलेले पैसे तयार होते याचा पुरावा जपून ठेवा, कोर्ट पहिल्यांदा तेच विचारतं. साठेखतही नोंदवाच, नोंदलेलं असलं की सूचीत दिसतं आणि तीच जमीन दुसऱ्याला विकणं अवघड होतं.

मुद्रांक किती, आणि कुठल्या किमतीवर?

ठरलेली किंमत आणि वार्षिक मूल्यदर तक्त्याची (रेडी रेकनरची) किंमत, यांतली जी जास्त तिच्यावर. अधिभार धरून मुंबईत ६ टक्के, पुण्यात ७ टक्के. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही जुनी अट २०२३ मध्ये गेली. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. ताबा देण्याचं लिहिलेलं साठेखत खरेदीखताइतकाच मुद्रांक मागतं आणि पुढे खरेदीखताच्या वेळी तो वळता होतो.

किंमत किंवा मुद्रांकासाठीचं मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल, तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. ग्रामीण शेतजमीन यातून वगळलेली आहे. खरेदीदार-विक्रेते अनेक असले तरी ५० लाख एकूण रकमेवर मोजतात. विक्रेता अनिवासी असेल तर हिशोब पूर्ण वेगळा आणि कपात बरीच मोठी; तिथे आधी सीएला गाठा.

विकणाऱ्याने काय जपायचं?

चेक. खरेदीखतात "संपूर्ण रक्कम चेकने मिळाली, तक्रार नाही" असं लिहून सही दिली आणि दुसऱ्या दिवशी चेक परत आला, तर लोकांना वाटतं व्यवहार आपोआप रद्द झाला. तो होत नाही. कायद्यात विक्री म्हणजे "दिलेल्या किंवा द्यायचं कबूल केलेल्या" किमतीच्या बदल्यात मालकी देणं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे की किंमत पूर्ण मिळाली नाही एवढ्याने नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही. बाकी पैशांसाठी दावा लावा. म्हणून रक्कम खात्यात जमा झाल्यावर, किंवा निदान डिमांड ड्राफ्ट हातात घेऊन आणि बँकेत खात्री करून, मगच अंगठा द्या.

नफ्यावरच्या कराचा हिशोब विकण्याआधी करा. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या मिळकतीवर १२.५ टक्के; २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली असेल तर निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय आहे.

नोंदणी झाली म्हणजे सगळं तपासून झालं ना?

नाही. दुय्यम निबंधक मुख्यतः ओळख, मुद्रांक आणि सह्या बघतो. विकणारा खरा मालक आहे का, हे ठरवणं त्याचं काम नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तमिळनाडूचा एक नियम रद्द करताना हेच सांगितलं. दस्त सही केल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला न्यायचा असतो. पुढचे चार महिने दंड भरून मिळतात. त्या दिवशी मूळ ओळखपत्रं आणि दोन साक्षीदार सोबत ठेवा. पडद्यावर नाव आणि गट नंबर दाखवतात तेव्हा घाई न करता वाचा. दोनचा बारा झालेला तिथे दिसला तर मिनिटात सुटतो, नंतर चूकदुरुस्ती दस्ताला विक्रेत्याला पुन्हा बोलवावं लागतं.

शेतजमिनीचा दस्त नोंदला की फेरफाराची माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे जाते. हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर ती तक्रार केस होते आणि वेळ लागतो. नगर भूमापन हद्दीत मिळकत पत्रिकेवर, आणि फ्लॅटच्या बाबतीत सोसायटी, घरपट्टी व वीजबिल इथे, नाव चढवायला स्वतः अर्ज करा. महिन्याभराने नवा उतारा काढून नाव, क्षेत्र आणि आणेवारी (हिश्श्याचं प्रमाण) दस्ताशी ताडून बघा. लेखनातली चूक असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि तो अर्ज फाईल ताजी असताना केला तर तलाठ्यालाही आठवतं की दस्त कोणता होता.